वय वाढले की भावना आपोआप कळतात?

‘लहान आहे, मोठा झाला की त्याचे त्याला कळेल,’ हे वाक्य सोलापुरात घरोघरी ऐकू येते. त्यामागचा समज असा की, स्वतःच्या भावना ओळखण्याची क्षमता वयाबरोबर सरळ चढत जाते. तसे घडत नाही. मानसशास्त्रज्ञ एरिक नूक आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, ५ ते २५ वर्षे वयोगटाच्या अभ्यासात राग, दुःख, भीती अशा नकोशा भावना एकमेकींपासून वेगळ्या सांगण्याची क्षमता बालपणी जास्त, किशोरवयात कमी आणि तारुण्यात पुन्हा जास्त आढळली.

लहान मुलांचे हे यश मात्र काहीसे फसवे आहे, कारण ती बहुधा एका वेळी एकच भावना सांगतात. गड्ड्याच्या यात्रेत आकाशपाळण्याची दांडी घट्ट धरून बसलेली सहा वर्षांची मुलगी ‘भीती वाटली’ एवढेच सांगेल. तिच्या तेरा वर्षांच्या भावाला मात्र मजा, भीती आणि मित्रांनी पाहिले असेल याची लाज एकदमच वाटत असते, आणि विचारले की तो ‘काही नाही’ म्हणतो. त्या उत्तराला आपण (घाईनेच) उद्धटपणा ठरवतो. वस्तुतः अनेक भावना एकत्र जाणवू लागलेल्या असतात, त्या सुट्या करणे अजून जमलेले नसते.