तापचक्रामुळे होणारी हानी (तंतुप्रबलित संमिश्रे)

कार्बनचे किंवा काचेचे तंतू राळेत बसवून केलेला संमिश्र पदार्थ वारंवार तापला आणि गार झाला, की त्यात बारीक तडे जाऊन तो कमकुवत होतो. या हानीचे बीज मात्र पहिल्या तापचक्राच्या आधी, कारखान्यातच पडलेले असते.

इपॉक्सी राळ साधारणपणे १२० ते १८० अंश सेल्सिअसला पक्की करतात. नंतर निवताना ती आकसू पाहते आणि तंतू तिला आकसू देत नाहीत. १ मीटर लांबीची नुसती इपॉक्सीची पट्टी १०० अंशांनी गार केली तर ५ ते ६ मिलिमीटर आखडते; कार्बनचा तंतू लांबीच्या दिशेने आखडत तर नाहीच, उलट केसभर वाढतो. म्हणजे वस्तू वापरात येण्याआधीच राळ ताणलेली असते. तापवले की हा ताण सैल होतो, गार केले की वाढतो. त्यामुळे तडे पाडण्यात उष्णतेपेक्षा थंडीचा वाटा मोठा. (उष्णतेचा उपद्रव वेगळा: हवेत दीर्घकाळ तापलेल्या राळेचा पृष्ठभाग ऑक्सिडीकरणाने ठिसूळ होतो.)

एका थराचे तंतू शेजारच्या थराच्या तंतूंना काटकोनात येतील असे थर रचून केलेल्या तुकड्याची कड घासून, चकचकीत करून सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर थराची जाडी भेदणाऱ्या रेघा, म्हणजेच तडे, दिसतात. शेजारच्या थराचे तंतू लागले की त्या थबकतात. चक्रांगणिक रेघांची दाटी वाढते आणि पुढे एका मर्यादेला टेकते. पण तड्यांच्या टोकांपासून थर सुटू लागले की दुखणे गंभीर होते. तंतूंच्या दिशेची ताकद फारशी घटत नसल्याने ओढून पाहिलेला तुकडा ठणठणीत वाटतो. फसगत होते ती इथेच, कारण प्रसरणांक (तापल्यावर पदार्थ किती वाढतो याचे माप) बदललेला असतो आणि वायूला वाट मिळालेली असते.

पृथ्वीजवळच्या कक्षेतला उपग्रह सुमारे ९० मिनिटांत एक फेरी मारतो; ऊन-सावलीची वर्षाला साडेपाच हजारांहून अधिक चक्रे होतात. थंडीच्या तड्यांचा धडा मात्र जमिनीवरच मिळाला. नोव्हेंबर १९९९ मध्ये नासाच्या एक्स-३३ यानाची संमिश्राची टाकी उणे २५३ अंशांच्या द्रव हायड्रोजनने भरून तपासली. टाकीची भिंत म्हणजे संमिश्राचे दोन पत्रे आणि मधे मधमाश्यांच्या पोळ्यासारखा गाभा. आतल्या पत्र्याच्या सूक्ष्म तड्यांतून हायड्रोजन या गाभ्यात शिरला. टाकी रिकामी होऊन गाभा तापू लागला तसा आतला दाब वाढला आणि बाहेरचा पत्रा सोलून निघाला. तिथे चक्रांची संख्या मोठी नव्हतीच.

थर पातळ ठेवणे, एकाच दिशेचे थर सलग न रचणे आणि चिवट राळ वापरणे, हे रूढ उपाय. यांपैकी पातळ थरांचा गुण विशेष: जाड थरात सहज धावणारा तडा पातळ थरात शेजारच्या तंतूंच्या पकडीमुळे उशिरा सुटतो.