किती दिवस राहावं लागेल?

परळला केईएम आणि वाडिया रुग्णालयांच्या परिसरात बाळाची फाइल छातीशी धरून बसलेले आईवडील रोज दिसतात. हृदयाला छिद्र आहे, ऑपरेशन करावं लागेल, एवढं त्यांना कळलेलं असतं. त्यानंतरचा त्यांचा प्रश्न हमखास ठरलेला असतो: किती दिवस राहावं लागेल? या प्रश्नाचं उत्तर गेल्या ऐंशी-नव्वद वर्षांत पार बदललं.

पीडीए या एकाच दोषाचं उदाहरण घेऊ. आईच्या पोटात असताना बाळाच्या महाधमनीला फुप्फुसाच्या धमनीशी जोडणारी एक छोटी वाहिनी उघडी असते. जन्मानंतर ती आपोआप मिटायला हवी. काही बाळांची मिटत नाही, आणि फुप्फुसावर रक्ताचा ताण येतो. १९३८ साली बोस्टनमध्ये डॉ. रॉबर्ट ग्रॉस यांनी सात वर्षांच्या एका मुलीची छाती उघडून ही वाहिनी बांधली. मुलांच्या हृदयशस्त्रक्रियेची सुरुवात सहसा तिथून मोजतात. १९६७ साली जर्मनीत डॉ. पोर्स्टमन यांनी छाती न उघडता, मांडीतल्या रक्तवाहिनीतून नळी घालून तीच वाहिनी बंद केली. आज मुंबईत त्याच मार्गाने छोटं बटण बसवतात, आणि बाकी काही अडचण नसेल तर मूल दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी जातं.

मधला एक टप्पा फारसा कुणाला माहीत नसतो, पण मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नवजात बाळाला वेदना जाणवत नाहीत असं डॉक्टरांमध्येही बराच काळ मानलं जाई, त्यामुळे भूल अगदी हलकी दिली जाई. १९८७ साली ‘लान्सेट’मध्ये भारतीय वंशाचे डॉ. के. जे. एस. आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास आला. तो अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या पीडीए शस्त्रक्रियेवरच होता. ज्या बाळांना फेंटानिल हे जोरकस वेदनाशामक दिलं, त्यांच्या शरीरावर शस्त्रक्रियेचा ताण कमी आला आणि नंतरची गुंतागुंतही कमी झाली. बाळ किती लवकर सावरतं हे सर्जनच्या टाक्यांइतकंच त्याच्या वेदनेवरही ठरतं, हे तेव्हा पक्कं झालं.

हृदय उघडून करायच्या शस्त्रक्रियांची वाट जास्त खडतर होती. १९५४-५५ मध्ये अमेरिकेत डॉ. लिलेहाय यांनी मुलाचं रक्ताभिसरण बहुतेक वेळा आईच्या किंवा वडिलांच्या शरीराला जोडून ऑपरेशनं केली. ४५ पैकी २८ रुग्ण घरी गेले. पुढे ऑपरेशन चालू असताना हृदय-फुप्फुसांचं काम करणारं हार्ट-लंग मशीन रुळलं. मुंबईत १९६१ साली नायर रुग्णालयात डॉ. के. एन. दस्तूर यांनी ओपन हार्ट शस्त्रक्रिया केली, ती देशातल्या पहिल्या काही यशस्वी शस्त्रक्रियांपैकी एक. केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी हा विभाग उभा केला.

आता साधं छिद्र बुजवलेलं मूल साधारण आठवड्याभरात घरी जातं. निळ्या पडलेल्या नवजात बाळाला मात्र कित्येक आठवडे लागू शकतात. व्हेंटिलेटर किती दिवसांनी निघतो, छातीतल्या नळ्यांतून पाणी कधी थांबतं, जंतुसंसर्ग होतो का, बाळ दूध कधी ओढतं, यावर सगळं अवलंबून. आपल्याकडे आणखी एक गोष्ट असते: मूल आणलं जातं तेव्हाच उशीर झालेला असतो. वजन भरत नाही, सारखा न्यूमोनिया होतो, फुप्फुसातला दाब चढतो, आणि मग आयसीयूतला मुक्काम लांबतो.

म्हणून २०१२ आणि २०१३ ही वर्षं माझ्या लेखी मोठी. जुलै २०१२ मध्ये गरीब कुटुंबांना मोफत उपचार देणारी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना मुंबईसह आठ जिल्ह्यांत सुरू झाली. तीच आताची महात्मा फुले जनआरोग्य योजना. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, आणि अंगणवाडीतच मुलांची छाती तपासली जाऊ लागली.

जीवनदायीत डिस्चार्जनंतर दहा दिवसांपर्यंतची तपासणी आणि औषधं धरलेली असतात. पण नंदुरबारहून आलेलं कुटुंब जखम दाखवायला चार दिवसांनी परत कसं येणार? ते परळच्या नाना पालकर स्मृती समितीत किंवा दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळते का ते बघतात. नाहीच मिळाली, तर नातेवाइकाच्या दहा बाय दहाच्या खोलीत. रुग्णालयाच्या कागदावर मुक्काम सात दिवसांचा असतो. आईला विचारलं तर ती गाव सोडल्यापासूनचे दिवस मोजून सांगते.