किलबर्नच्या चर्चने आपले धिरे आत का घेतले?

लंडनच्या वायव्येला किलबर्न नावाचं उपनगर आहे. तिथल्या सेंट ऑगस्टीन या अँग्लिकन चर्चच्या बाहेरच्या भिंती पाहिल्या की गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या मध्ययुगीन युरोपीय शैलीतल्या इमारतींची सवय असलेला माणूस थोडा बुचकळ्यात पडतो. लाल विटांच्या उंच आणि बऱ्याचशा सपाट भिंती, वर उतरतं छप्पर. पॅरिसच्या नोत्रदामला बाहेरून जे दगडी हात, म्हणजे भिंतींना आधार देणारे धिरे, टेकलेले दिसतात, त्यांचा इथे पत्ता नाही. आत मात्र खूप उंचावर दगडी बरगड्या (छताचा सांगाडा असलेल्या बारीक कमानी) आणि विटांचं कमानदार छत तोललेलं आहे. इतकं वजनदार छत भिंतींना बाहेर ढकलत असणारच. मग त्याला आवरतं कोण?

या प्रश्नाचं उत्तर म्हणजेच या चर्चचं सगळं सौंदर्य, असं माझं मत आहे. त्याआधी ते उभं कसं राहिलं, हे थोडक्यात.

किलबर्न हे रोमन काळापासूनच्या वॉटलिंग स्ट्रीट या रस्त्यावरचं गाव. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली, लंडन पसरत गेलं आणि शेतांच्या जागी एकाला एक लागून घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. १८६०च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथल्या सेंट मेरी चर्चमध्ये उपासनेच्या पद्धतीवरून फूट पडली. तिथले साहाय्यक धर्मगुरू रिचर्ड कर्कपॅट्रिक 'हाय चर्च' वळणाचे होते. धूप, मेणबत्त्या, वेलबुट्टीची वस्त्रं, गाऊन म्हटलेली उपासना हे सगळं त्या वळणात आलं. नव्या व्हिकरना, म्हणजे मुख्य धर्मगुरूंना, ते पसंत पडलं नाही. कर्कपॅट्रिक बाहेर पडले, त्यांच्यामागे बरीच मंडळी गेली आणि लोखंडी पत्र्यांच्या तात्पुरत्या चर्चमध्ये नव्या पॅरिशची (एका चर्चशी जोडलेल्या वस्तीची) उपासना सुरू झाली. हा वाद तेव्हा इंग्लंडभर इतका पेटला होता की १८७४ साली पार्लमेंटने अशा विधींना आळा घालणारा कायदा केला आणि त्यापायी पुढे पाच धर्मगुरूंना तुरुंगात जावं लागलं.

पक्क्या चर्चचं काम जॉन लॉफबरो पिअर्सन या वास्तुविशारदाकडे आलं. १८७१ साली पायाचा दगड बसला, १८८० साली चर्चचं अभिषेचन झालं. पिअर्सन पन्नाशी ओलांडलेले होते आणि दगड-विटांची कमानदार छतं हा त्यांचा ध्यास होता. त्या काळातली बहुतेक उपनगरी चर्चेस लाकडी छपरावर भागवत. खर्च कमी, वजन कमी, डोकेदुखी कमी. पिअर्सनने मात्र एका साध्या वस्तीतल्या चर्चसाठी अवघड वाट धरली.

ती अवघड का, हे समजायला फुगडी आठवावी. फुगडी घालताना दोघी मागे झुकतात आणि हातांतल्या ताणावर तोललेल्या राहतात. कमानीत नेमकं उलट घडतं. दोन्ही बाजू एकमेकींकडे झुकतात, माथ्याशी एकमेकींना दाबतात आणि त्या दाबावर तोललेल्या राहतात. त्यांचे पाय मात्र बाहेर घसरू पाहतात. हा आडवा रेटा कमान उभी आहे तोवर थांबत नाही. दुपारी, मध्यरात्री, चर्च रिकामं असताना, शंभर वर्षांनीसुद्धा तो चालूच असतो.

लंडनच्याच रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाने १६७५च्या सुमारास या कोड्याची किल्ली शोधली. दोन टोकांना धरलेली साखळी खाली लोंबते आणि स्वतःच्या वजनाने एक आकार घेते. तोच आकार उलटा करून दगडात बांधला तर तो उभा राहतो. साखळीत सगळीकडे फक्त ताण असतो, उलट्या आकारात सगळीकडे फक्त दाब. दगड आणि वीट दाब सहज सोसतात, ताणाला मात्र चटकन भेगाळतात. म्हणून गवंड्याचं काम एवढंच, की दाबाची ती अदृश्य रेषा माथ्यापासून पायापर्यंत बांधकामाच्या जाडीच्या आत राहिली पाहिजे. ती जाडीच्या मधल्या एक-तृतीयांश भागात राहिली, तर कुठेही ताण पडत नाही. ती काठाकडे सरकली की दुसऱ्या बाजूचे सांधे उघडू लागतात, आणि जाडीच्या बाहेर गेली की बांधकाम कोसळतं.

टोकदार कमानीचा फायदा इथे कळतो. तेवढ्याच रुंदीवर आणि तेवढ्याच वजनाखाली कमानीची उंची दुप्पट केली, तर आडवा रेटा साधारण निम्मा होतो. उंच, टोकदार कमान वजनाला लवकर खाली वळवते. शिवाय बरगड्यांचं छत रेटा सगळ्या भिंतीवर सारखा पसरू देत नाही. बरगड्या जिथे येऊन मिळतात, त्या ठरावीक बिंदूंवर तो गोळा होतो. बांधण्याचा क्रमही तसाच असतो. लाकडी सेंटरिंगवर, म्हणजे तात्पुरत्या साच्यावर, आधी बरगड्या उभ्या करायच्या, मग त्यांच्यामधले तुकडे हलक्या भरावाने बंद करायचे. किलबर्नमध्ये हा भराव विटांचा आहे. रेटा ठरावीक जागी गोळा झाला की फक्त तिथे जाड धिरे दिले म्हणजे पुरतं. मधल्या भिंतीला मोठं ओझं उरत नाही आणि तिथे खिडक्या काढता येतात.

आता हे धिरे ठेवायचे कुठे? फ्रेंच कॅथीड्रलांनी ते इमारतीबाहेर नेले आणि हवेतून अर्धकमानी टाकून छताला टेकवले. दिसायला ते फार देखणं असतं. पण उघड्यावरच्या त्या दगडावर पाऊस पडतो, हिवाळ्यात सांध्यात शिरलेलं पाणी गोठून फुगतं, आणि दुरुस्ती कायमची मागे लागते. फ्रान्सच्या दक्षिणेत आल्बी इथे मात्र १२८२ साली सुरू झालेल्या विटांच्या कॅथीड्रलने दुसरा मार्ग काढला. बाहेरची भिंत धिऱ्यांच्या बाहेरच्या कडेला नेली आणि धिरे आत घेतले. पिअर्सनने किलबर्नमध्ये ही युक्ती उचलली. लंडनच्या आसपास बांधकामाचा चांगला दगड नाही, विटेची माती मात्र मुबलक आहे. विटांच्या शहरासाठी विटांच्याच कॅथीड्रलकडून धडा घेणं मला फार शहाणपणाचं वाटतं.

पण त्याने नुसती नक्कल केली नाही. आत घेतलेले धिरे म्हणजे मुख्य दालनाच्या दोन्ही बाजूंना दालनाला काटकोनात ओळीने उभ्या असलेल्या भिंतीच. त्या तशाच सोडल्या असत्या तर चर्च कोनाड्यांत तुकडे पडल्यासारखं दिसलं असतं. पिअर्सनने प्रत्येक धिऱ्याला कमानीची दारं पाडली. खाली त्यांतून चालण्याची वाट निघाली. वर मधल्या उंचीवर एक सज्जा धिऱ्यांना भेदत चर्चभर फिरतो आणि दोन्ही बाजूंच्या उंच मोकळ्या दालनांपाशी पुलासारखा आरपार जातो. खालून पाहिलं की एका कमानीतून दुसरी, तिच्यातून तिसरी दिसते, आणि उंच खिडक्यांचा उजेड कुठून कुठे पोचतो हे पटकन उमगत नाही.

ज्या भिंतीवर सगळा भार, तिलाच भोक पाडायचं हे धाडस वाटतं. पण दाबाची रेषा कुठून उतरते हे माहीत असेल, तर तिच्या वाटेत न येणारा भाग काढून टाकता येतो. शिवाय दाराच्या वरचा भार पुन्हा एक कमान घेते आणि दोन्ही बाजूंना वाटून देते.

वीट एवढं ओझं सोसते का, ही शंका रास्त आहे. विसाव्या शतकात केंब्रिजचे अभियंते जॅक हेमन यांनी जुन्या दगडी इमारतींचा हिशेब नव्याने मांडला. मध्यम प्रतीचा वालुकाश्म दर चौरस मिलिमीटरला ४० न्यूटनपर्यंत दाब सोसतो आणि त्याच्या एका घनमीटरचं वजन सुमारे २० किलोन्यूटन भरतं. म्हणजे स्वतःच्या वजनाने तळाचा दगड चुरडायला सरळ खांब २ किलोमीटर उंच बांधावा लागेल! विटांच्या बांधकामाची ताकद त्याच्या दहाव्या भागाइतकी धरली, तरी २०० मीटर होतात. जुन्या इमारती सहसा दगड चुरडून पडत नाहीत. पाया खचला, धिरा सरकला किंवा आकार बिघडला की त्या पडतात. प्रश्न ताकदीचा कमी आणि भूमितीचा जास्त आहे, म्हणून रेषा नेमकी जाणणारा पिअर्सनसारखा माणूस हवा.

आवाजाचंही सांगितलं पाहिजे. वीट आणि दगड त्यांच्यावर आदळलेल्या आवाजाचा दोन-तीन टक्केच भाग शोषतात, बाकीचा परत फेकतात. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांनी १८९८च्या सुमारास नियम मांडला, की घुमण्याचा काळ जागेच्या घनफळाच्या प्रमाणात वाढतो आणि शोषणाच्या प्रमाणात घटतो. उंच कमानदार छताखाली भरभर बोललेली वाक्यं एकमेकांत मिसळतात. संथ सुरात गायलेली प्रार्थना मात्र तिथे भरून येते. ज्या मंडळींनी गाऊन म्हणायच्या उपासनेसाठी जुनं चर्च सोडलं, त्यांना अशी वास्तू मिळाली. खोल धिऱ्यांमुळे आवाज अनेक दिशांना विखुरतो, त्यामुळे सपाट समोरासमोरच्या भिंतींसारखा टोचणारा प्रतिध्वनी टळायलाही मदत होते.

मनोऱ्याला मात्र थांबावं लागलं. तो आणि त्यावरचा सुळका १८९७-९८ साली पुरा झाला. उंची २५४ फूट, म्हणजे सुमारे ७७ मीटर. पिअर्सन १८९७च्या डिसेंबरातच वारले. आत क्लेटन अँड बेल या कारखान्याच्या कलाकारांनी भिंती चित्रांनी भरून काढल्या. आज हे चर्च ब्रिटनच्या वारसा-यादीत पहिल्या श्रेणीत आहे आणि तिथे अजूनही नियमित उपासना होते.

मुंबईकरांना यात ओळखीचा एक धागा सापडेल. १९३०च्या दशकात या चर्चमधलं वेदीमागचं काम आणखी एका नामवंत वास्तुविशारदाने केलं, जाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांनी. लंडनच्या रस्त्यावरची ती प्रसिद्ध लाल टेलिफोनपेटीही त्यांचीच. त्यांचे आजोबा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी लंडनमध्ये बसून मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरचा आराखडा काढला. तो टॉवर १८७८ साली पुरा झाला. किलबर्नच्या चर्चचं अभिषेचन तेव्हा अजून व्हायचं होतं. फोर्टमध्ये त्या टॉवरखालून जाताना मान वर केली की तीच टोकदार कमान दिसते, फक्त विटेऐवजी मुंबईच्या दगडात.