एम्प्लॉयी अ‍ॅक्शन प्लॅन

एम्प्लॉयी अ‍ॅक्शन प्लॅन म्हणजे कंपनीतल्या माणसांचं काम सुधारावं, त्यांचं कामात मन लागावं आणि ती सोडून जाऊ नयेत यासाठी कोण, काय, कधीपर्यंत करणार हे ठरवून लिहून ठेवणं. साधारण तीन प्रकारचे प्लॅन बघायला मिळतात. एका माणसाचा परफॉर्मन्स सुधारायचा, ज्याला सगळे पीआयपी (परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन) म्हणतात, दुसरा एंगेजमेंट सर्व्हेचे, म्हणजे कामात मन किती लागतंय ते विचारणाऱ्या सर्व्हेचे, आकडे आल्यावर अख्ख्या टीमसाठी करतात तो, आणि तिसरा रिटेन्शनचा, म्हणजे माणसं टिकवायचा. एक्सेलमध्ये तिन्ही सारखेच दिसतात: अडचण, उपाय, जबाबदारी, तारीख, स्टेटस. यातला जबाबदारीचा कॉलम सगळ्यात आधी वाचावा. तिथे फक्त कर्मचाऱ्याचं नाव असेल तर बहुतेक वेळा तो प्लॅन सुधारण्यासाठी नसतो, त्याला काढायची फाईल तयार ठेवण्यासाठी असतो.

इतिहास

हा प्रकार एचआर डिपार्टमेंटपेक्षा जुना आहे. सगळ्यात गाजलेलं उदाहरण फोर्डचं. १९१३ साली डेट्रॉइटजवळच्या हायलंड पार्क कारखान्यात फिरती असेंब्ली लाइन आली आणि दिवसभर एकच नट पिळायचं काम माणसांना सहन होईना, त्या वर्षी लेबर टर्नओव्हर ३७० टक्के झाला, म्हणजे शंभर जागा भरलेल्या ठेवायला वर्षाला ३७० माणसं घ्यावी लागली. जानेवारी १९१४ मध्ये कंपनीने नऊ तासांचे आठ तास केले आणि दिवसाचा जवळपास अडीच डॉलरचा पगार पाच डॉलरवर नेला. १९१५ ला टर्नओव्हर १६ टक्क्यांवर आला. ही बाजू सगळ्या ट्रेनिंगमध्ये सांगतात. दुसरी सांगत नाहीत: पाच डॉलर सगळ्यांना सरसकट मिळत नव्हते, सहा महिने नोकरी झालेली लागायची आणि कंपनीच्या सोशिऑलॉजिकल डिपार्टमेंटची माणसं घरी येऊन दारू पितो का, बचत करतो का, घर स्वच्छ आहे का हे बघून जायची. आजच्या लॅपटॉपवर माऊस किती हलला ते मोजणाऱ्या सॉफ्टवेअरचे हे आजोबाच.

आपल्याकडे जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्यात आठ तासांची पाळी १९१२ लाच आली, कायद्याने आठवड्याचे ४८ तास व्हायला त्यानंतर पस्तीसेक वर्षं लागली. पीएफ त्यांनी १९२० ला सुरू केला, देशाचा कायदा १९५२ चा; ग्रॅच्युइटी १९३७ ला, कायदा १९७२ चा. महाराष्ट्रात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, तिथे माणूस टिकवायचा तर आधी त्याला राहायला घर आणि पोरांना शाळा हवी हा हिशोब होता. अर्थात सोयी दिल्या म्हणजे सगळं गोड झालं असं नाही, जमशेदपूरला १९२० आणि १९२८ ला मोठे संप झालेच. सोयी मालकाने ठरवल्या होत्या, कामगारांना विचारून नाही, आणि हा फरक आजही कुठल्याही सर्व्हेत दिसतो.

लिहायची पद्धत

पीटर ड्रकर यांनी १९५४ मध्ये उद्दिष्टं ठरवून काम करायची कल्पना मांडली, १९८१ मध्ये जॉर्ज डोरान यांनी स्मार्ट (SMART) गोल्सचं, म्हणजे उद्दिष्ट कसं लिहावं याचं पाच अक्षरांचं सूत्र दिलं. त्या मूळ सूत्रात 'ए' हे अक्षर 'हे कोण करणार' यासाठी होतं, पुढे ट्रेनिंगवाल्यांनी त्याचं 'जमण्यासारखं असावं' करून टाकलं आणि नेमका जबाबदारीचा भाग गळून गेला. १९९० मध्ये विल्यम कान यांनी कामातल्या एंगेजमेंटवर पेपर लिहिला, नंतर गॅलप या सर्व्हे कंपनीचे बारा प्रश्न आले आणि सर्व्हेचा धंदा जोरात चालू झाला. त्या बारांतला पहिलाच प्रश्न आहे की कामावर माझ्याकडून काय अपेक्षा आहे हे मला माहीत आहे का. बऱ्याच टीमचा प्लॅन या एका प्रश्नावरच संपायला हवा, पण होतं काय, स्कोअर कमी आला की फ्रायडेला पिझ्झा, ट्रॅडिशनल डे, टाऊन हॉल आणि आर अँड आरची (रिवॉर्ड्स अँड रेकग्निशन) सर्टिफिकेटं.

एक उदाहरण घेऊ. चाकण-भोसरीकडचा एखादा कारखाना, तिसऱ्या पाळीच्या पहिल्या तासात रिजेक्शन जास्त येतंय आणि दुसऱ्या पाळीचे ऑपरेटर सोडून चाललेत. घाईघाईत केलेल्या प्लॅनमध्ये लिहिलेलं असतं, "ऑपरेटर ट्रेनिंग, जबाबदारी ऑपरेटर व सुपरवायझर." खाली लाईनवर जाऊन दोन रात्री उभं राहिलं की वेगळंच कळतं. कंपनीची बस पाळी सुटल्यावर पाच मिनिटांत निघते, बस चुकली तर त्या वेळी रिक्षा मिळत नाही, म्हणून माणसं दहा मिनिटं आधीच हात धुवायला जातात, मशीनचं सेटिंग काय बदललंय ते पुढच्या पाळीवाल्याला कोणी सांगत नाही, तो अंदाजाने चालू करतो आणि पहिले पीस वाया जातात. वर सुपरवायझर शिव्या घालतो, दोघांनाही. इथे प्लॅनची एकच ओळ पुरते: बस वीस मिनिटं उशिरा सुटेल, जबाबदारी अ‍ॅडमिन, तारीख येता सोमवार, आणि थांबलेल्या वेळेचा ओव्हरटाइम लागेल. परफॉर्मन्स, एंगेजमेंट, रिटेन्शन तिन्ही त्या ओळीत आलं. अशी ओळ एसी केबिनमध्ये बसून सुचत नाही, म्हणून प्लॅन करताना काम करणाऱ्यांपैकी दोघं-तिघं खोलीत असावीत, आणि प्लॅन पाच-सात ओळींच्या वर जाऊ नये, चाळीस ओळींचा प्लॅन पुढच्या सर्व्हेपर्यंत कोणी उघडत नाही.

पीआयपी

आयटीत पीआयपी म्हटलं की लोक आधी नोकरीच्या साइटवर प्रोफाईल अपडेट करतात, आणि ते चुकीचं नाही. तीस, साठ किंवा नव्वद दिवसांची मुदत, दर आठवड्याला मॅनेजरबरोबर मीटिंग, शेवटी एचआर कॉलवर. खरा पीआयपी असेल तर त्यात मोजता येईल असं काम असतं, मॅनेजर काय मदत करणार ते लिहिलेलं असतं (कोड रिव्ह्यूला रोज अर्धा तास, अमुक सीनियर सोबत) आणि पास झाल्यावर पुढे काय तेही असतं. खोटा लगेच ओळखू येतो, बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना, बसलेल्या माणसाला "साठ दिवसांत कस्टमर फीडबॅक सुधारा" असं टार्गेट, ज्याला कस्टमरच नाही. असा कागद हातात पडला तर प्रत्येक मीटिंगनंतर काय ठरलं ते स्वतः मेल करून ठेवावं, तोंडी बोलण्याला नंतर काही किंमत राहत नाही.

पीआयपीची भीती बऱ्याच अंशी बेल कर्व्हमुळे, म्हणजे ठरलेल्या टक्क्यांत माणसांना वर-खाली रेटिंग द्यायच्या पद्धतीमुळे आली. जीई या अमेरिकन कंपनीत जॅक वेल्च प्रमुख असताना वरचे २०, मधले ७०, खालचे १० टक्के अशी विभागणी होती, खालच्या दहा टक्क्यांना दरवर्षी दार दाखवायचं. टीममधले सगळे चांगले असले तरी कोणाला तरी खाली टाकावंच लागायचं, त्यामुळे शेजारच्याला मदत करणं म्हणजे स्वतःचं रेटिंग घालवणं. मायक्रोसॉफ्टने ही पद्धत २०१३ मध्ये बंद केली, अ‍ॅडोबीने त्याआधी २०१२ मध्ये वार्षिक अप्रेझलच काढून टाकलं, भारतात इन्फोसिसनेही २०१५ च्या सुमारास बेल कर्व्ह सोडला. फीडबॅक दिला की काम सुधारतंच असंही नाही. क्लुगर आणि डेनिसी या संशोधकांनी १९९६ मध्ये जुने प्रयोग एकत्र करून तपासले तेव्हा तीनातल्या एकाहून जास्त वेळा फीडबॅकनंतर कामगिरी उलट घसरलेली दिसली, विशेषतः फीडबॅक कामाऐवजी माणसावर गेला की.

माणसं टिकवणं

मार्च २०२२ ला संपलेल्या बारा महिन्यांत इन्फोसिसचा अ‍ॅट्रिशन, म्हणजे नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण, २७.७ टक्के होता आणि टीसीएसचा १७.४. तेव्हा रिटेन्शन बोनस, काउंटर ऑफर, मधल्या मधे प्रमोशन सगळं वाटलं गेलं. मार्च २०२४ ला दोन्हीकडे साडेबाराच्या आसपास आकडा आला आणि उद्योगात बऱ्याच प्रेझेंटेशनमध्ये हे प्लॅनचं यश म्हणून लागलं, पण खरं तर बाहेर जॉबच कमी झाले होते. म्हणून अ‍ॅट्रिशन वाचताना बाजारासोबत वाचावा, आणि त्याहून कामाचं म्हणजे कोण गेलं ते बघावं: एकाच मॅनेजरच्या हाताखालून पाच जण गेले असतील तर कंपनीचा सरासरी आकडा काहीच सांगत नाही. पगाराची जुनी दुखणी आहेतच, फ्रेशरचं पॅकेज दशकभर साडेतीन लाखांच्या आसपास अडकलेलं, आणि बाहेरून आलेल्याला तेच काम करणाऱ्या जुन्या माणसापेक्षा जास्त. नव्वद दिवसांच्या नोटीस पिरियडने माणूस शरीराने थांबतो, कामाने नाही. एक्झिट इंटरव्ह्यूत तर कोणी खरं बोलत नाही, रिलीव्हिंग लेटर हवं असतं, त्यामुळे आहेत त्यांनाच वर्षातून दोनदा "का थांबलायस आणि कशाने जाशील" हे विचारणारा स्टे इंटरव्ह्यू जास्त उपयोगी, फक्त उत्तर ऐकून सहा महिने काही केलं नाही तर पुढच्या वेळी "सगळं छान आहे" हेच ऐकू येतं.

बायकांच्या बाबतीत गळती बाळंतपणानंतर सगळ्यात जास्त जाणवते. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय बंधनकारक झाली, आईला दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभाही त्यात आहे. प्लॅनमध्ये "क्रेश टाय-अप, जबाबदारी एचआर, स्टेटस पूर्ण" एवढंच येतं. पाळणाघर ऑफिसपासून चार किलोमीटरवर असेल आणि टीमचा रोजचा कॉल साडेसहाला, पाळणाघर बंद व्हायच्या वेळेला, लागत असेल तर ती मुभा कागदावरच राहते, आणि तो कॉल चारला आणायचं काम एचआरचं नाही, तिच्या मॅनेजरचं आहे.