वीरगळ : खालून वर वाचायची आठवण

गावाच्या वेशीवर किंवा शंकराच्या देवळाबाहेर अर्धवट गाडली गेलेली कोरीव शिळा दिसली, तर ती बहुधा वीरगळ असते, म्हणजे झुंजीत पडलेल्या माणसाचं स्मारक. कन्नडमध्ये दगडाला ‘कल्लु’ म्हणतात, त्यावरून हा शब्द आला.

प्रथा फार जुनी आहे. ‘तोल्काप्पियम’ या प्राचीन तमिळ ग्रंथात असा दगड उभारण्याच्या सहा पायऱ्या आहेत: दगड शोधायचा, आणायचा, पाण्याने न्हाऊ घालायचा, रोवायचा, नैवेद्य दाखवायचा आणि मग वीराची थोरवी गायची. महाराष्ट्रातले पुष्कळ वीरगळ शिलाहार-यादव काळातले. बोरिवलीजवळच्या एक्सरच्या शिळांवर तर वल्ह्यांच्या नौकांची रांगच कोरली आहे. १२६५च्या सुमाराला महादेव यादव आणि शिलाहार सोमेश्वर यांच्यात समुद्रावर झालेल्या लढाईशी अभ्यासक त्यांचा संबंध जोडतात.

वीरगळ खालून वर वाचायचा. तळाच्या चौकटीत वीर आडवा पडलेला असतो. शेजारी गाई असतील तर तो गोधन सोडवताना गेला. त्यावर झुंज, त्यावर त्याला नेणाऱ्या अप्सरा, आणि वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच माणूस. माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असेतो ही आठवण राहो. घरच्यांचं दुःख हातभर दगडात असं पायरीपायरीने अभिमानापर्यंत चढतं. सतीशिळेवर, म्हणजे सती गेलेल्या बाईच्या स्मारकावर, मात्र कोपरात वाकलेला एकच हात, बांगड्यांनी भरलेला. विधवेच्या फुटायच्या बांगड्या इथे कायमच्या शाबूत. त्या बाईला काय वाटलं, हे दगड सांगत नाही आणि आपणही तिच्या वतीने सांगू नये.

आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर नाव नसतं. त्यामुळे ओळख पुसली की वीराचा देव होतो, शेंदूर चढतो. शेंदराची, ऑइलपेंटची पुटं कोरीवकामात बसतात आणि चेहरे बुजतात. त्याहून मोठं नुकसान सिमेंटच्या ओट्याने होतं: तळाची चौकट गाडली जाते, म्हणजे मरणच दिसेनासं होतं आणि उरतो नुसता स्वर्ग.

स्वच्छ करायचा तर साधं पाणी आणि मऊ ब्रश. तारेचा ब्रश, अ‍ॅसिड अजिबात नको. घट्ट पुटं स्वतः खरवडू नयेत, पुरातत्त्व खात्याला कळवावं. झिजलेलं कोरीवकाम पाहायला संध्याकाळी जावं आणि बॅटरी समोरून न धरता बाजूने, दगडाला जवळजवळ टेकवून धरावी. सावल्या पडतात आणि आडव्या पडलेल्या वीराची बोटंसुद्धा दिसू लागतात.