लेंटकाळ : कोल्हापूरच्या ख्रिस्ती घरांतील पश्चात्ताप व विश्वास

लेंट म्हणजे ईस्टरच्या, येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाच्या, आधीचा चाळीस दिवसांचा ख्रिस्ती उपवासकाळ. कपाळाला राख लावण्याच्या, म्हणजे राखेच्या बुधवारी तो सुरू होतो आणि ईस्टरच्या आदल्या दिवशी संपतो. कॅथलिक मंडळी त्याला उपवासकाळ किंवा प्रायश्चित्तकाळ म्हणतात. कोल्हापुरातल्या प्रॉटेस्टंट घरांत ‘लेंट’ हाच शब्द रुळला आहे आणि त्यातल्या शेवटच्या आठवड्याला ‘दुःखसहन सप्ताह’ म्हणतात. शेजारच्या घरी श्रावण पाळतात तसे या घरांत लेंट ‘पाळतात’. क्रियापद एकच असल्यामुळे शेजाऱ्यांनाही फार समजावून सांगावे लागत नाही.

चाळीस हा आकडा येशूने अरण्यात उपाशी काढलेल्या दिवसांवरून आला. बायबलच्या जुन्या करारातही तो पुन्हा पुन्हा भेटतो. मोशे सीनाय पर्वतावर चाळीस दिवस होता, एलीया होरेबपर्यंत चाळीस दिवस चालला आणि निनवे शहराला मन फिरवायला योनाने चाळीस दिवसांचीच मुदत सांगितली. इ. स. ३२५ मध्ये नायसिया येथे भरलेल्या ख्रिस्ती धर्माध्यक्षांच्या परिषदेच्या नियमांत ईस्टरपूर्वीच्या या चाळीस दिवसांचा उल्लेख आहे, म्हणजे तोवर ही प्रथा ओळखीची झाली होती. प्रत्येक रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, म्हणून रविवार उपवासाच्या हिशेबात धरत नाहीत. त्यामुळे बुधवारपासून ईस्टरपर्यंतचे खरे अंतर ४६ दिवसांचे पडते.

ईस्टर चंद्रावर ठरतो. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार, असा हा हिशेब आहे. म्हणूनच लेंट दरवर्षी पुढेमागे होतो, पण मराठी पंचांगापासून फार दूर जात नाही. २०२४ मध्ये होळीच्या पाठोपाठ, ३१ मार्चला ईस्टर आला. २०२५ मध्ये राखेचा बुधवार ५ मार्चला आणि ईस्टर २० एप्रिलला होता. २०२६ मध्ये याच तारखा १८ फेब्रुवारी आणि ५ एप्रिल अशा आहेत. कोल्हापुरात हे दिवस गुऱ्हाळांचा हंगाम सरत आल्याचे, दहावी-बारावीच्या परीक्षांचे, रंगपंचमीचे आणि बहुतेक वर्षी जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या आसपासचे असतात. गावात चैत्राची गजबज वाढत असते तेव्हाच ख्रिस्ती घरांतला आवाज उतरलेला असतो. लग्नकार्य सहसा पुढे ढकलतात. वेदीवर जांभळे वस्त्र चढते, आणि कॅथलिक उपासनेत ईस्टरपर्यंत ‘आलेलुया’ हा स्तुतीचा घोष म्हणत नाहीत.

पश्चात्ताप हा शब्द

या काळाचे सारे चिंतन येशूच्या एका वाक्याभोवती फिरते. मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात ते येते : पश्चात्ताप करा आणि सुवार्तेवर विश्वास ठेवा. मराठी वाचकाला इथे थोडे थांबावे लागते, कारण आपला ‘पश्चात्ताप’ शब्द अर्ध्या वाटेवर संपतो. पश्चात् म्हणजे मागाहून आणि ताप म्हणजे पोळणे. चूक झाली, मागाहून जीव जळला, एवढेच तो सांगतो. मूळ ग्रीक शब्द ‘मेटानोइया’ आहे. त्याचा अर्थ मन पालटणे. त्याच्या मागे उभा असलेला हिब्रू शब्द ‘शूव’ तर साधा चालण्याचा शब्द आहे : वळणे, माघारी येणे. म्हणजे नुसते जळून भागत नाही, पाय घराकडे वळावे लागतात.

‘प्रायश्चित्त’ या शब्दाची अडचण वेगळी आहे. मराठीत प्रायश्चित्त ‘घेतात’. अमुक केले की दोष फिटला, असा त्यात देण्याघेण्याचा भाव येतो. ख्रिस्ती शिकवणीत पापाची फेड माणसाच्या कष्टाने होत नाही, ती वधस्तंभावर झालेली आहे. मग माणसाने करायचे ते काय? त्याचे उत्तर वाक्याच्या दुसऱ्या भागात, विश्वासात आहे. मराठीत विश्वास ‘ठेवतात’ तसा ‘टाकतात’ही, आणि हे दुसरे क्रियापद इथे अधिक जवळचे आहे. देव आहे असे मानणे वेगळे आणि आपला सगळा भार त्याच्यावर टाकणे वेगळे. विश्वासाशिवाय पश्चात्ताप माणसाला जाळून टाकतो, आणि पश्चात्तापाशिवाय विश्वास म्हणजे तोंडची भाषा उरते. प्रस्तुत लेखकाच्या मते लेंटची सारी शिकवण या दोहोंच्या गाठीत आहे.

ही गाठ सर्वांत स्पष्ट दिसते ती यहूदा इस्कर्योत आणि पेत्र या दोन शिष्यांत. दोघांनीही एकाच रात्री येशूला दगा दिला. एकाने चांदीच्या तीस नाण्यांसाठी त्याला धरून दिले, तर दुसऱ्याने शेकोटीशी बसून तीनदा त्याची ओळख नाकारली. जीव दोघांचाही जळला. यहूदाने तर पैसे परत नेऊन दिले, ‘मी पाप केले’ असे तोंडाने कबूलही केले. व्यवहारापुरते पाहिले तर त्याने पेत्रापेक्षा जास्तच केले. पण परत यायला त्याला कोणी दिसले नाही. तो एकटा गेला आणि त्याने गळफास घेतला. पेत्र नुसता रडला, पण राहिला, आणि योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी तळ्याकाठी पुन्हा शेकोटीशीच त्याला तीनदा विचारले गेले : माझ्यावर प्रीती करतोस का? दुःखसहन सप्ताहातल्या उपदेशांत ही दोन माणसे शेजारी शेजारी उभी करतात, तेव्हा ऐकणाऱ्यांत शांतता पसरते. ज्या घरात कोणी स्वतःला संपवले आहे, त्या घरातली माणसेही तिथे बसलेली असतात. म्हणून यहूदाविषयी बोलताना जपून बोलावे लागते, आणि चांगले पाळक तसे बोलतात.

प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेचा आरंभ करणाऱ्या मार्टिन ल्यूथरने १५१७ च्या आपल्या ९५ प्रबंधांत पहिलेच विधान हे केले, की ख्रिस्ताने विश्वासणाऱ्याचे सारे आयुष्यच पश्चात्तापाचे असावे असे सांगितले आहे. चाळीस दिवस हा त्या आयुष्यभराच्या वळणाचा सराव.

कोल्हापुरातील परंपरा

कोल्हापुरात ख्रिस्ती मंडळीची सुरुवात अमेरिकन मिशनरी रॉयल गुल्ड वाइल्डर यांच्यापासून धरतात. आधी अहमदनगरला काम केलेले वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. त्यांचे मिशन १८७० मध्ये प्रेस्बिटेरियन या प्रॉटेस्टंट पंथाच्या मिशन बोर्डाकडे गेले. त्यांचा मुलगा रॉबर्ट याचा जन्म १८६३ मध्ये कोल्हापुरातच झाला. पुढे अमेरिकेतील विद्यार्थी मिशनरी चळवळीत त्याने मोठे काम केले. शहरातले वाइल्डर मेमोरियल चर्च याच घराण्याचे नाव चालवते. १८७० च्या दशकात अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचे मिशनही शहरात आले आणि ऑल सेंट्स चर्च त्या परंपरेतले आहे. कॅथलिक मंडळी आधी पुणे धर्मप्रांतात होती, २००५ पासून ती सिंधुदुर्ग धर्मप्रांतात मोडते.

लेंटच्या दृष्टीने अँग्लिकन आणि प्रेस्बिटेरियन हे दोन प्रवाह महत्त्वाचे आहेत. अँग्लिकन पंचांगात लेंट पहिल्यापासून होता. प्रेस्बिटेरियन घराणे स्वित्झर्लंडच्या धर्मसुधारणेतून आलेले. तिथे १५२२ मध्ये झुरिचला लेंटमध्ये मुद्दाम मांस खाऊन सक्तीच्या उपवासाविरुद्ध वाद उभा राहिला होता. त्यामुळे या परंपरेत राख लावणे मुळात नव्हते. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन व इतर मंडळ्या एका छत्राखाली आल्या. कोल्हापूर हा त्यातला एक धर्मप्रांत. एकाच कुटुंबात आजी राख लावून घेत नाही आणि नात घेते, असे आजही दिसते. दोघींची बायबले मात्र एकाच पानावर उघडतात.

राख कपाळाला लागते ती गेल्या वर्षीच्या झावळ्यांची. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, घरी आणलेला, नारळाच्या पातीला घड्या घालून केलेला वीतभर क्रूस वर्षभर भिंतीवरच्या तसबिरीमागे खोचलेला असतो. आधी हिरवा, मग पिवळा, दिवाळीपर्यंत तपकिरी, आणि लेंट जवळ येईतो हात लावला की चुरा होतो असा. तोच चर्चमध्ये परत नेतात, जाळतात, राख चाळून घेतात. गेल्या वर्षी ‘होसान्ना’ असा येशूचा जयघोष करत उंच धरलेली पाती आता बोटाच्या टोकावर काळी होऊन येते. धर्मगुरू कपाळावर क्रूस काढताना दोनपैकी एक वाक्य म्हणतात : ‘तू माती आहेस आणि मातीला परत मिळशील’, किंवा मार्कचे ते पश्चात्ताप व विश्वासाचे वाक्य. पहिले ऐकून माणूस खाली पाहतो, दुसरे ऐकून वर.

उपवास

कॅथलिक नियमानुसार राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी १८ ते ५९ वर्षे वयाच्या माणसांनी एकदाच पोटभर जेवायचे, आणि १४ वर्षांवरील सर्वांनी मांसाहार टाळायचा. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत असा लेखी नियम नाही, ज्याचा त्याने ठरवायचा. व्यवहारात मात्र कोल्हापूरच्या कित्येक ख्रिस्ती घरांत हे दिवस मटणाविना जातात. रविवार उपवासात धरत नाहीत हे खरे, पण ज्या गावात रविवारची ओळखच तांबड्या-पांढऱ्या रश्श्याने होते, तिथे रविवारीही आमटी-भातावर राहणे हीच मोठी गोष्ट. कुणी चहातली साखर सोडतो, कुणी तंबाखू, तर कुणी रात्रीचा मोबाईल.

मराठीत ‘उपवास’ म्हटले की साबुदाणा, वरी, रताळी डोळ्यांसमोर येतात. ख्रिस्ती उपवासात चालणाऱ्या-न चालणाऱ्या पदार्थांची अशी यादी नाही. कमी खायचे, आणि वाचलेले दुसऱ्याला द्यायचे. बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या ५८ व्या अध्यायात देवाला आवडणारा उपवास सांगितला आहे : जुलमाच्या बेड्या तोडाव्यात, भुकेल्याला आपली भाकरी वाटून द्यावी, उघड्याला पांघरूण घालावे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू बजावतो की उपवास करताना तोंड म्लान करू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा. तुमचा उपवास पित्याला दिसला म्हणजे पुरे. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण या शिकवणीला जवळची आहे, आणि ख्रिस्ती घरांतल्या आज्याही ती सहज वापरतात.

घरोघरची प्रार्थना

लेंटमध्ये मंडळीतली माणसे संध्याकाळी आलटून-पालटून एकमेकांच्या घरी जमतात. दाराशी चपलांची रांग लागते, आत सतरंजी, पेटी आणि ढोलकी असते, आणि नंतर फक्त चहा. गीतांत ना. वा. टिळकांची (१८६१–१९१९) भजने असतात. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी अभंगाचा छंद ख्रिस्ती भजनात आणला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. पापाची कबुली गाऊन द्यायची सवय मराठी कानाला संतांनी आधीच लावून ठेवली होती.

सर्वांत जास्त वाचले जाते ते बायबलमधले ५१ वे स्तोत्र आणि त्याच्यामागची दावीद राजाची कथा. राजाने उरीयाची बायको घेतली आणि उरीयाला लढाईत मारवले. नाथान संदेष्टा त्याच्याकडे आला. त्याने आरोप केला नाही, गोष्ट सांगितली. एका गरिबाजवळ एकच मेंढी होती, त्याच्याच ताटातले खाणारी, कुशीत निजणारी. शेजारच्या श्रीमंताने पाहुण्यासाठी तीच कापली. दावीद संतापला : असा माणूस मरणाला योग्य आहे! नाथान म्हणाला, तो माणूस तूच. माळावर धनगरांचे वाडे पाहत वाढलेल्या माणसाला या गोष्टीतली मेंढी समजावून सांगावी लागत नाही. दुसऱ्याच्या पापाचा राग आपल्याला किती लवकर येतो आणि स्वतःच्या पापापर्यंत पोचायला केवढी गोष्ट लागते, हे त्या सतरंजीवर बसून ऐकताना आत कुठेतरी लागते.

गुड फ्रायडेला दुपारी १२ ते ३ अशी तीन तासांची उपासना असते. वधस्तंभावरच्या येशूच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. अनेकदा त्यांत शिक्षिका, नर्स, निवृत्त कारकूनही असतात. या उपासनेचा साचा सतराव्या शतकाच्या अखेरीस पेरूतल्या लिमा शहरात जेझुइट धर्मगुरूंनी घडवला, आणि तो पुढे प्रॉटेस्टंट मंडळ्यांनीही उचलला. एप्रिलच्या उन्हात पंख्याखाली पांढऱ्या कपड्यांतली माणसे तीन तास बसून राहतात. दुसरा उद्गार येशूच्या शेजारी वधस्तंभावर असलेल्या पश्चात्तापी चोराला आहे. त्याला प्रायश्चित्त घ्यायला वेळच नव्हता. हातपाय खिळलेले होते. वळवता आली ती फक्त मान. ‘माझी आठवण कर’ एवढेच तो म्हणाला आणि त्याला त्याच दिवसाचे वचन मिळाले.

ज्याच्या हातात वेळ आहे त्याच्याकडून मात्र जक्कयाची अपेक्षा असते. जकातदारांचा हा मुखिया अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला लुबाडले त्याला चौपट परत करायला उभा राहतो. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, येशूने शिष्यांसोबत घेतलेल्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणार्थ प्रभुभोजन होते. काही ठिकाणी पाय धुण्याचा विधीही असतो. त्याआधी मत्तयाच्या पाचव्या अध्यायातला शब्द वाचतात : वेदीपाशी आल्यावर भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. बांधाच्या हातभर जागेवरून, आईच्या दागिन्यांवरून, कुठल्याशा लग्नातल्या मानपानावरून वर्षानुवर्षे न बोलणारी भावंडे या गावातही आहेत. त्यामुळे दुःखसहन सप्ताहात काही घरांची दारे बऱ्याच दिवसांनी वाजतात. आलेला माणूस बहुधा क्षमा हा शब्द उच्चारत नाही. ‘वहिनी, चहा टाका,’ म्हणतो आणि सोप्यात बसतो. गुरुवारी संध्याकाळी दोन्ही घरची माणसे एकाच बाकावर, भाकरीच्या तुकड्यासाठी ओंजळ पुढे करून बसलेली असतात.