द्विप्रक्रिया प्रतिमान

एखाद्या वागण्यामागे दोन वेगळ्या मानसिक प्रक्रिया असतात, असे धरून त्या वागण्याचा उलगडा करणाऱ्या मानसशास्त्रीय मांडणीला द्विप्रक्रिया प्रतिमान म्हणतात. हे कुठल्या एकाच सिद्धांताचे नाव नाही. अशा मांडण्यांची दोन घराणी ठळक आहेत: एक शोकाचे, दुसरे विचार आणि सवयीचे. नावसाधर्म्यामुळे त्यांची नेहमी सरमिसळ होते. येथे कोकण किनाऱ्यावरच्या जगण्यातली उदाहरणे घेऊन ती वेगवेगळी मांडली आहेत.

शोकाचे प्रतिमान : मयताच्या घरी भेटायला आलेल्या बायकांपैकी एक म्हणते, ‘रडून घे गो, मनात ठेवू नको.’ थोड्या वेळाने दुसरी म्हणते, ‘आता सावर, पोरांकडे बघ.’ मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक स्खुट या नेदरलँड्समधील उत्रेख्त विद्यापीठाच्या अभ्यासकांनी १९९९ साली मांडलेल्या प्रतिमानात या दोन्ही वाक्यांना जागा आहे. त्याआधी पहिल्या वाक्याचेच पारडे जड होते. मनोविश्लेषक सिग्मंड फ्रॉइड यांच्या १९१७ च्या निबंधापासून, दुःखाला भिडून गेलेल्या माणसातली गुंतवणूक हळूहळू सोडवणे हेच शोकाचे खरे काम, असे मानले जाई. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये नकार, राग, सौदा, खिन्नता आणि स्वीकार या पाच अवस्था सांगितल्या. त्या मुळात स्वतःच्या मृत्यूला सामोरे जाणाऱ्या रुग्णांविषयी होत्या. पुढे त्या मागे राहिलेल्यांनाही लावल्या गेल्या आणि शोक म्हणजे पायऱ्या चढून जाण्यासारखे काही आहे, असा समज रुजला.

स्ट्रोबे आणि स्खुट यांच्या मते शोकाकुल माणसावर ताण दोन बाजूंनी येतो. वियोगाकडे वळलेल्या मनात आठवणी असतात, रडणे असते, फोटोसमोर बसून राहणे असते. पुनर्उभारणीकडे वळलेल्या मनासमोर मृत्यूमुळे अंगावर पडलेली कामे असतात. हर्णै किंवा मालवणच्या एखाद्या मच्छीमार घरातला कर्ता गेला, तर मासळी विकणे त्याच्या बायकोला नवे नसते. पण होडीची कागदपत्रे, सोसायटीचे कर्ज, डिझेलचा परतावा, खलाशांचा हिशेब हे सगळे तिच्याकडे येते. ‘अमक्याची बायको’ ही ओळख जाऊन ‘होडीची मालकीण’ ही ओळख येते, आणि तिलाही सरावावे लागते. पुनर्उभारणी म्हणजे दुःख विसरणे नव्हे. या नव्या कामांचाही स्वतंत्र ताण असतो, हे या प्रतिमानाने नीट दाखवून दिले.

प्रतिमानाचा गाभा मात्र या दोन बाजूंमधल्या ये-जा करण्यात आहे. माणूस सकाळी बँकेत सही करून येतो, दुपारी दांडीवरचा सदरा बघून कोसळतो, संध्याकाळी शेजारच्या पोराच्या बोलण्यावर हसतो. हे हसणे म्हणजे बेइमानी नव्हे. दुःखातून घेतलेली घटकाभराची रजाही सावरण्याचाच भाग असते. किनाऱ्यावर राहणाऱ्याला इथे भरती-ओहोटी आठवणारच. पण उधाण, म्हणजे मोठी भरती कधी आणि भांग, म्हणजे लहान भरती कधी, हे कोळी-गाबीत मच्छीमार तिथीवरून सांगू शकतात. शोकाच्या ये-जा करण्याला तिथी नसते. साधारणपणे सुरुवातीला वियोगाची बाजू वरचढ असते आणि काळाबरोबर पुनर्उभारणीची वाढते, एवढेच म्हणता येते.

तरी रीतीरिवाजांनी या ये-जा करण्याला काही ठरलेले दिवस दिले आहेत. सुतकात रोजची कामे थांबतात, शेजारून जेवण येते. बाराव्या-तेराव्यानंतर चाकरमानी मुंबईची गाडी धरतात आणि घरातली कामे एकदम अंगावर येतात. पुढे वर्षश्राद्धाला आणि भाद्रपदातल्या म्हाळाला माणूस पुन्हा राजरोस वियोगाकडे वळू शकतो. समुद्रात बेपत्ता झालेल्याच्या घरी मात्र दोन्ही वाटा अडतात. देह मिळत नाही, म्हणून रडणे अर्धवट राहते. ठावठिकाणा नसलेल्याला मृत मानण्यासाठी कायदा सर्वसाधारणपणे ७ वर्षांची मुदत धरतो, म्हणून कागद अडकतात. कामे आणि दुःखे अशी एकावर एक साचली की ये-जाच जमेनाशी होते. या अतिभाराची दखल मूळ अभ्यासकांनी २०१६ मध्ये स्वतंत्रपणे घेतली.

स्खुट आणि सहकाऱ्यांच्या १९९७ च्या अभ्यासात विधुरांना भावना मोकळ्या करणाऱ्या समुपदेशनाचा, तर विधवांना व्यवहारातले प्रश्न सोडवणाऱ्या समुपदेशनाचा अधिक उपयोग झाला. म्हणजे ज्याची ज्या बाजूची सवय कमी, त्याला त्याच बाजूचा आधार लाभला. पुरुषाला ‘धीर धर’ आणि बाईला ‘रडून घे’ एवढेच सांगणाऱ्या आपल्या समाजाने हा निष्कर्ष मनावर घ्यावा, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

विचार आणि सवयीचे प्रतिमान : यातला भेद वेगळा आहे. एक प्रक्रिया झटपट आणि आपसूक चालते, दुसरी सावकाश आणि लक्ष देऊन. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० मध्येच असा भेद सुचवला होता. पीटर वेसन आणि जोनाथन इव्हान्स यांनी १९७५ मध्ये तो तर्काच्या अभ्यासात आणला. कीथ स्टॅनोविच व रिचर्ड वेस्ट यांनी २००० साली वापरलेली ‘प्रणाली १’ (झटपट) आणि ‘प्रणाली २’ (सावकाश) ही नावे मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन यांच्या ‘थिंकिंग, फास्ट अँड स्लो’ या २०११ च्या पुस्तकामुळे सर्वांच्या तोंडी झाली.

बांगडे माशांचा वाटा आणि कोथिंबिरीची जुडी मिळून ११० रुपये. वाटा जुडीपेक्षा १०० रुपयांनी महाग. तर जुडी केवढ्याची? ‘१०’ हे उत्तर तोंडातून निघून जाते. बरोबर उत्तर ५ आहे. मानसशास्त्राचे अभ्यासक शेन फ्रेडरिक यांनी २००५ च्या चाचणीत वापरलेल्या, बॅट आणि चेंडूच्या किमतीवरच्या कोड्याचे हे बाजारी रूप. पण झटपट म्हणजे चुकीचे, असे नाही. सरावलेली मासेवाली कल्ला उचलते, बोटाने मासा दाबते आणि ताजा की बर्फातला ते सांगून मोकळी होते. कशावरून, असे विचारले की मगच ती थांबून कारणे जुळवू लागते. लोकांकडून दर तासाच्या नोंदी घेऊन वेंडी वुड आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवले की रोजच्या कृतींपैकी एक तृतीयांश ते निम्म्या कृती सवयीच्या असतात.

या विभागणीवर आक्षेपही आहेत. वेग, जाणीव, हेतू आणि ताबा ही लक्षणे नेहमी एकत्र येत नाहीत, म्हणून मनाची दोनच कप्प्यांत वाटणी करणे चूक, असे डेव्हिड मेल्निकॉफ आणि जॉन बार्ग यांनी २०१८ मध्ये मांडले. शोकाच्या प्रतिमानाला हा आक्षेप लागू होत नाही. तिथल्या दोन बाजू वेगाने नव्हे, तर लक्ष कशाकडे आहे यावरून ठरतात.

तरी दोन्ही घराणी एका जागी भेटतात. चाळीस वर्षे दोघांचे जेवण वाढलेली बाई नवरा गेल्यावरही फडताळातून दोन ताटे काढते. हात सवयीने चालतो. पेजेचा डाव दुसऱ्या ताटावर आला की मन जागे होते आणि हात थांबतो. त्या क्षणी ती वियोगाकडे ढकलली जाते. मग ती एक ताट पुसून परत आत ठेवते, आणि निवण्याआधी पेज पिऊन घेते.